ल्युपस असताना बाळ हवं असेल, तर डॉक्टर कोणता शोधायचा?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकटी बहीण २८ वर्षांची. चार वर्षांपासून ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, मध्ये एकदा किडनीलाही त्रास झाला होता. मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. आता पुन्हा बाळ हवं आहे. जवळचे डॉक्टर म्हणतात, "आधी सगळ्या गोळ्या बंद करा, मग बघू." संधिवाताचे डॉक्टर म्हणतात, "गोळ्यांना हात लावू नका आणि एवढ्यात दिवसही राहू देऊ नका." तुम्ही पाटीवर 'हाय-रिस्क प्रेग्नन्सी' लिहिलेले तीन डॉक्टर शोधून ठेवलेत आणि विचारताय, यांचं शिक्षण आणि अनुभव नेमका कशावरून ओळखायचा?

मी प्रसूतितज्ज्ञ आहे. २२ वर्षं हे काम करते आणि त्यातली बरीच वर्षं ल्युपस, आमवात, स्जोग्रेन असे प्रतिकारशक्तीचे आजार असलेल्या बायकांची बाळंतपणं सांभाळण्यात गेली आहेत. बहिणीला मी तपासलेलं नाही, त्यामुळे खाली लिहिते त्यातलं तिला काय लागू पडतं ते तिचे रिपोर्ट हातात असलेला डॉक्टरच ठरवेल.

आधी पदव्यांबद्दल. स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्रातली एमडी, एमएस किंवा डीएनबी हा पाया. त्यावर राष्ट्रीय परीक्षा मंडळाची 'हाय रिस्क प्रेग्नन्सी अँड पेरिनॅटॉलॉजी' ही फेलोशिप असते, पाटीवर ती एफएनबी म्हणून दिसेल. 'फीटल मेडिसिन' लिहिलेले डॉक्टर मुख्यतः पोटातल्या बाळाचे: सोनोग्राफी, बाळाचं व्यंग, नाळेतला रक्तप्रवाह. त्यांचीही गरज लागेल, पण आईच्या किडनीचा हिशेब त्यांच्या अंगावर टाकता येत नाही. संधिवाताच्या डॉक्टरांकडे ऱ्हुमॅटॉलॉजी किंवा क्लिनिकल इम्युनॉलॉजीतली डीएम असते. हे सगळं बघा, जरूर बघा. मात्र यातली कोणतीही एक पदवी ल्युपस असलेल्या गरोदर बाईला पुरी पडत नाही, कारण आजाराचं ज्ञान एका खोलीत असतं आणि बाळंतपणाचं दुसऱ्या. तुमच्या बहिणीची अडचण नेमकी हीच झाली आहे. दोन डॉक्टर दोन उलट गोष्टी सांगताहेत आणि दोघांनी एकमेकांना एक फोनसुद्धा केलेला नाही.

मी हे कशी शिकले ते सांगते, म्हणजे पुढचं का सांगते ते पटेल.

शिकाऊ डॉक्टर असताना आमच्या वॉर्डात सातव्या महिन्यातली एक मुलगी आली. पायांवर, चेहऱ्यावर सूज, बीपी १७० च्या वर, लघवीतून प्रथिनं जाताहेत. असे पेशंट आम्ही रोज बघायचो. गरोदरपणातला रक्तदाब, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, असं सगळ्यांनी धरलं. गालांवर लालसर-काळपट डाग होते, त्यापुढे केस पेपरवर मी माझ्या हातानं 'वांग' असं लिहिलं. गरोदर बाईला वांग येतोच. सिझर झालं, ११०० ग्रॅमचं बाळ पेटीत गेलं. प्रीएक्लॅम्पसियाचं मूळ वारेत असतं. वार निघाली की बाई हळूहळू सुधारते. ही सुधारेना. पाचव्या दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेलं बघून मेडिसिनचे एक वरिष्ठ डॉक्टर आले, खिडकीशी नेऊन तिचा चेहरा उजेडात पाहिला आणि म्हणाले, "डाग गालांवर आहेत, नाकावर आहेत, पण नाकाच्या कडेच्या घड्या कोऱ्या आहेत. हा वांग नाही." किडनीचा तुकडा काढून तपासला, त्या बायोप्सीत ल्युपसनं किडनी धरल्याचं निघालं. बाळ वाचलं. तिच्या किडन्या पूर्ण सावरल्या नाहीत, पुढे डायलिसिसवर गेली.

त्यानंतर दोन वर्षं दर गुरुवारी मी संधिवाताच्या ओपीडीत जाऊन बसले. कुणी पाठवलं नव्हतं. त्याचं प्रमाणपत्र नाही, पण माझ्या कामाला सगळ्यात जास्त उपयोग त्याच गुरुवारांचा झाला.

कारण ल्युपस उसळणं आणि प्रीएक्लॅम्पसिया ही दोन्ही बाहेरून जुळ्या बहिणींसारखी दिसतात: बीपी, सूज, लघवीत प्रथिनं, कमी झालेल्या प्लेटलेट. उपचार मात्र उलटे. प्रीएक्लॅम्पसियात बाळ बाहेर काढणं हाच उपाय, ल्युपसच्या उसळीत स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं देऊन बाळाला पोटात आणखी काही आठवडे मिळवून देता येतात. फरक ओळखायचा तर सी३ आणि सी४ ही रक्तातली पूरक प्रथिनं बघावी लागतात, डीएस-डीएनए अँटिबॉडी बघावी लागते, आणि लघवी सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघावी लागते, कारण किडनी धरली असेल तर लघवीत लाल पेशी आणि त्यांचे साचे दिसतात. त्यातही एक खाच आहे. गरोदरपणात सी३, सी४ मुळातच वाढतात. लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' छापून आलेला आकडा त्या बाईसाठी घसरलेला असू शकतो. म्हणून दिवस राहण्याआधीचे आकडे हातात असावे लागतात आणि दर काही आठवड्यांनी तेच पुन्हा मोजावे लागतात. मोठ्या शहरांत आता वारेतून रक्तात येणाऱ्या दोन प्रथिनांचं प्रमाण सांगणारी तपासणीही मिळते. ती बरीच मदत करते, पण एकट्या तिच्यावर निर्णय सोडू नये.

आता गोळ्या. "सगळ्या बंद करा" हा सल्ला का चुकीचा, ते एका पेशंटच्या डब्यावरून सांगते. लाडूचा स्टीलचा डबा होता, त्यात सगळ्या पट्ट्या. सहावा आठवडा चालू. "गरोदरपणात गोळ्या चालत नाहीत" असं कुणी तरी सांगितलं म्हणून तिनं हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही ल्युपसची नेहमीची गोळी बंद केली होती. पट्टीतल्या दहाच्या दहा गोळ्या तशाच. मायकोफेनोलेट आणि टेल्मिसार्टन मात्र ती रोज घेत होती, कारण त्या "किडनीच्या आणि बीपीच्या, त्या कशा बंद करायच्या?" म्हणजे जी चालू हवी ती बंद, आणि ज्या बंद हव्यात त्या चालू. चूक तिची नव्हती. तिला एकेक पट्टी हातात घेऊन कुणी समजावलंच नव्हतं.

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन गरोदरपणात चालू ठेवायची असते. ती थांबवली की ल्युपस उसळण्याचा धोका वाढतो. डोस वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत आणि डोळ्यांची तपासणी ठरलेल्या वेळी, एवढी शिस्त पाळली की झालं. कोविडच्या वेळी, २०२० मध्ये, हीच गोळी दुकानांतून गायब झाली होती आणि माझ्या पेशंट चार-चार दुकानं फिरत होत्या, ते अजून आठवतं. प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या गोळ्यांपैकी अझाथायोप्रिन आणि टॅक्रोलिमस योग्य डोसमध्ये चालतात. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड कमी डोसमध्ये चालतं. वारेत एक विकर असतं, ते या औषधाचा बराचसा भाग निष्प्रभ करतं आणि बाळापर्यंत साधारण दहावा हिस्सा पोचतो. तरी डोस जितका कमी तितका बरा, कारण आईची साखर आणि बीपी चढतं, पाणमोटही लवकर फुटू शकते.

नको त्या गोळ्या: मायकोफेनोलेट दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी थांबलेलं हवं, त्यामुळे बाळात व्यंग येतं आणि गर्भपातही होतो. मेथोट्रेक्सेट एक ते तीन महिने आधी. लेफ्लुनोमाइड शरीरात फार काळ रेंगाळतं, ते औषध देऊन धुऊन काढावं लागतं. बीपीच्या गोळ्यांपैकी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालॅप्रिल गरोदरपणात चालत नाहीत. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा चालतात. यातलं काहीही स्वतःच्या मनानं बंद किंवा चालू करू नका. गोळी बदलायची असते, नुसती काढायची नसते. आणि गुळवेल, 'इम्युनिटी बूस्टर' काढे वगैरे घरात येत असतील तर थांबवा. हिच्या आजारात प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या शरीरावर उलटलेली आहे. शिवाय गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत.

घरच्यांना एक भाबडी आशा असते, "दिवस राहिले की आजार आपोआप उतरतो." ही समजूत आमवातावरून आली आहे. अमेरिकेतल्या फिलिप हेंच यांनी १९३८ मध्ये आमवाताच्या बायकांचे सांधे गरोदरपणात मोकळे होतात हे टिपलं. पुढे कॉर्टिझोनच्या शोधासाठी १९५० चं नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते. आमवातात हे बऱ्याच जणींच्या बाबतीत आजही खरं आहे. ल्युपसमध्ये तसा भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी सांगितलेलं 'थांबा' योग्य आहे, फक्त त्यांनी किती आणि का ते सांगायला हवं होतं. आजार सलग सहा महिने शांत असावा, विशेषतः किडनी: लघवीतली प्रथिनं जवळजवळ थांबलेली, क्रिएटिनिन स्थिर, बीपी ताब्यात. मायकोफेनोलेट बदलून अझाथायोप्रिन द्यायचं असेल तर त्या नव्या गोळीवरही आजार शांत राहतो का, हे काही महिने बघावं लागतं. अमेरिका-कॅनडातल्या ३८५ गरोदर बायकांचा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला. ल्युपस शांत किंवा अगदी सौम्य असताना दिवस राहिलेल्या त्या बायकांपैकी सुमारे ८१ टक्के बाळंतपणं मोठ्या गुंतागुंतीशिवाय पार पडली. सासरी हा आकडा सांगा. 'वर्ष वाया गेलं' असं म्हणणाऱ्यांना मी माझ्या खोलीत बसवून हेच सांगते: हे वर्ष तिच्या बाळंतपणाचाच पहिला भाग आहे.

या काळात दिवस राहू नयेत म्हणून कॉपर-टी चांगली. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या पुढच्या तपासण्या येईपर्यंत अजिबात नकोत. का, ते लगेच सांगते.

तुमच्या पूर्ण प्रश्नात मला सगळ्यात जास्त टोचलेली ओळ आहे, "पाचव्या महिन्यात बाळ गेलं, कारण कळलं नाही, नशीब म्हणायचं." कारण शोधलं गेलं का, हे मला माहीत करून घ्यायचं आहे. ल्युपस असलेल्या बऱ्याच बायकांच्या रक्तात फॉस्फोलिपिडविरोधी अँटिबॉडी असतात. लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ मध्ये या अँटिबॉडींमुळे होणाऱ्या आजाराचं चित्र मांडलं. या अँटिबॉडी रक्त गोठवतात, वारेला इजा करतात. दहा आठवड्यांनंतर, सोनोग्राफीत नीट दिसणारं बाळ पोटात जाणं ही त्यांची ठळक खूण आहे. तीन तपासण्या कराव्या लागतात: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. एकदा पॉझिटिव्ह आली तर किमान बारा आठवड्यांनी पुन्हा करायची, कारण साध्या तापानंतरही ती थोड्या दिवसांपुरती पॉझिटिव्ह येऊ शकते. या अँटिबॉडी असताना इस्ट्रोजेनमुळे गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून त्या गोळ्या नकोत.

इथे एका बाईची आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्याच तपासणीत तिची व्हीडीआरएल, म्हणजे गुप्तरोगाची चाचणी, पॉझिटिव्ह आली. ही चाचणी आपल्याकडे प्रत्येक गरोदर बाईची होते. घरात दोन महिने संशयाचं वातावरण. नवऱ्यानं बोलणं टाकलं, ती माहेरी गेली आणि तिथेच बाळ पोटात गेलं. माझ्याकडे आली तेव्हा फायलीत तो कागद घडी घालून सगळ्यात खाली ठेवला होता. व्हीडीआरएलच्या द्रावणात कार्डिओलिपिन असतं, त्यामुळे या अँटिबॉडी असलेल्या बाईची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. पक्की चाचणी केली, गुप्तरोग नव्हताच. मी नवऱ्याला बोलावून तो कागद त्याच्यासमोर ठेवला आणि शब्द न शब्द समजावला. पुढच्या वेळी अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधांवर तिला ३६ व्या आठवड्यात मुलगी झाली. तुमच्या बहिणीचा मागचा व्हीडीआरएल रिपोर्टही काढून बघा.

उपचार अवघड नाहीत. या अँटिबॉडी आणि अशी हानी दोन्ही असतील तर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन, आणि दिवस राहिल्याची खात्री झाली की पोटाच्या त्वचेखाली रोज घ्यायचं हेपॅरिनचं इंजेक्शन. इंग्लंडमध्ये १९९७ साली वारंवार गर्भपात झालेल्या अशा बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्के बाळंतपणांत जिवंत बाळ मिळालं, हेपॅरिनसह ७१ टक्के. खेड्यातल्या बायकाही आठवड्याभरात स्वतः टोचून घ्यायला शिकतात. आणि अँटिबॉडी नसल्या तरी ल्युपसमध्ये प्रीएक्लॅम्पसिया टाळायला अ‍ॅस्पिरिन द्यायचीच असते. ती सोळा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी, नंतर फायदा कमी.

आणखी एक अँटिबॉडी, अँटि-रो. ती वारेतून बाळात जाते आणि पहिल्या अशा बाळंतपणात शंभरातल्या एक-दोन बाळांच्या हृदयाची विद्युतवाट बंद पाडते. ठोके मिनिटाला १४० च्या आसपास हवेत, ते ५०-६० वर येतात. म्हणून १६ ते २६ आठवड्यांत बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी वरचेवर करतात. आधीचं बाळ असं झालेलं असेल तर पुढच्या वेळी धोका सुमारे १८ टक्के असतो. २०२० च्या एका अभ्यासात हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन घेणाऱ्यांत तो ७ टक्क्यांच्या आसपास उतरला. मागचं बाळ पाचव्याच महिन्यात गेलं, त्यामुळे त्याच्या ठोक्यांची नोंद कुठे आहे का, हेही बघायला हवं.

आता तुमचे तीन डॉक्टर. पहिल्या भेटीत तुम्ही त्यांना काय विचारता यापेक्षा ते बहिणीला काय विचारतात तिकडे लक्ष द्या. किडनीची बायोप्सी कधी झाली, त्यात किडनीच्या ल्युपसचा कोणता वर्ग निघाला? शेवटचं २४ तासांचं लघवीतलं प्रोटीन किती? गुठळी कधी झाली होती का? अँटिबॉडी दोनदा तपासल्यात का? गोळ्यांच्या पट्ट्या बघायला मागतात का? आणि तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांचा नंबर मागतात का? जे तुमच्यासमोर फोन लावतील किंवा फायलीत त्यांच्या नावानं चिठ्ठी लिहितील, त्यांच्याकडे माझा कल राहील, पाटीवर एक पदवी कमी असली तरी. "काही होत नाही, मी आहे ना" एवढ्यावर भेट संपवणाऱ्यांकडे मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही. "कधीच शक्य नाही" असं रिपोर्ट न बघता म्हणणाऱ्यांकडेही नाही.

काही वेळा मलाही 'नको' म्हणावं लागतं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब फार वाढलेला असेल, किडनी फारच खालावलेली असेल, गेल्या सहा महिन्यांत पक्षाघात किंवा आजाराची मोठी उसळी झाली असेल, तर बाळंतपणात आईचा जीव जाऊ शकतो. ते स्पष्ट सांगणं हेही अनुभवी डॉक्टरचं काम आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून बहीण त्या गटात दिसत नाही, पण रिपोर्ट पाहिल्याशिवाय याहून पुढे बोलत नाही.

हॉस्पिटलबद्दल एवढंच: अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत हवा आणि रात्री रक्त मिळायला हवं. याच्याशी जोडून आपल्याकडची एक रीत. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवायचं. बाळाच्या आणि आईच्या दृष्टीनं नेमका हाच सगळ्यात नाजूक काळ, आणि त्याच वेळी डॉक्टर बदलतो, फाईल सासरी राहते. ओटी थाटात भरा. मग आईनंच बहिणीकडे येऊन राहावं. बाळंतपणानंतरही निदान तीन महिने संधिवाताच्या डॉक्टरांच्या फेऱ्या चुकवू नका, कारण आजार तेव्हाही उसळतो. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, अझाथायोप्रिन आणि कमी डोसचं प्रेडनिसोलोन चालू असताना बाळाला अंगावर पाजता येतं. त्यासाठी गोळ्या बंद करायला लावणाऱ्यांचं ऐकू नका.

या आठवड्यात एवढं करा. बहिणीच्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडून बारीक अक्षरातली औषधांची नावं उतरवून घ्या. मागच्या वेळच्या सोनोग्राफीचे कागद, बायोप्सी, वारेची तपासणी झाली असेल तर तिचा रिपोर्ट आणि व्हीडीआरएल एका फायलीत लावा. पट्ट्यांमध्ये मायकोफेनोलेट निघालं, तर डॉक्टर निवडायची वाट न बघता आधी संधिवाताच्या डॉक्टरांना फोन करा आणि ते बदलेपर्यंत दिवस राहणार नाहीत याची व्यवस्था करा. यादी झाली की इथेच लिहा, मी बघते.